जुन्या मारुती 800 चा क्लच फार जड झालाय, पूर्ण सेट बदलावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 1992 ची आहे, क्लच दाबून दाबून गुडघा दुखतो आणि गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवून पूर्ण सेट टाकायला सांगितलाय. जरा थांबा. आधी क्लच वायर तपासा. या गाडीचा क्लच ऑइलवर चालत नाही. पेडलपासून गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपर्यंत एकच वायर जाते, आणि जुन्या गाडीत जडपणा बऱ्याचदा तिच्यातच असतो.

माझी 1989 ची आहे, वडिलांनी घेतलेली. दोन वर्षांपूर्वी कात्रजच्या घाटात ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा करता करता डावा पाय भरून आला. घरी आल्यावर गिअरबॉक्सकडचा नट सैल केला, वायर लिव्हरमधून सोडवली आणि पेडल हाताने दाबून पाहिलं. अशा वेळी ते अलगद खाली जायला हवं. माझं करकरत मध्येच अडकत होतं. वायर बाहेर काढली तर पेडलकडच्या टोकाला चार-पाच तारा तुटून पिंजारलेल्या, आणि त्या आवरणाला आतून घासत होत्या. अशा वायरीत तेल सोडून काही होत नाही, ती बदलायचीच. नवी टाकताना जुनी कुठून कशी गेली होती त्याचा फोटो काढून ठेवा; एखादं वळण जास्त आवळलं गेलं तर नवी वायरही जडच चालते. शेवटी पेडलला साधारण 20 मिलिमीटर प्ले ठेवा, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधी पेडल तेवढं मोकळं खाली गेलं पाहिजे. प्ले अजिबात नसेल तर क्लच प्लेट घसरून जळते, फार झाला तर गिअर टाकताना खरखर होते.

वायर सोडवल्यावर पेडल मोकळं असेल, तर दोष पुढे आहे. गिअरबॉक्सवरचा लिव्हर हाताने हलवून बघा. सुरुवातीचा थोडा प्ले मोकळा लागला पाहिजे; तिथेच घट्ट लागला तर लिव्हरच्या शाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या छोट्या नळ्या) कोरडे पडलेत किंवा गंजलेत.

क्लच अगदी वर आल्यावर पकडतो का? चढावर इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, असं होतं का? मग प्लेट झिजली आहे. प्लेट झिजली की तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं बाहेर सरकतात आणि ती दाबायला जास्त जोर लागतो. तसं असेल तर गॅरेजवाल्याचं बरोबर आहे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर ती बोटं ढकलणारं) तिन्ही एकदम बदला, आणि गिअरबॉक्स खाली आहे तोवर शाफ्टचे बुशही टाकून घ्या.