कंपनी निघाली, आता फ्लॅट विकू का?

ताई, नेरूळचा वन बीएचके तुम्ही २०१२-१३ मध्ये ३८ लाखांना घेतलात. त्यात भाड्याने राहणारी तीन मुलं आणि तुमच्या डब्यांची बहुतेक गिऱ्हाइकं एकाच आयटी कंपनीतली, आणि ती कंपनी आता ऑफिस हलवतेय. एजंट म्हणतो ८० लाखांत विकून मोकळ्या व्हा. भाचा म्हणतो १० लाखांचं कर्ज काढून विद्यार्थ्यांसाठी पीजी करा. मला विचाराल तर यंदा यातलं काहीच करू नका.

फ्लॅटची मला फारशी काळजी नाही. नेरूळला डी. वाय. पाटील आहे, एसआयईएस आहे, तेरणा आहे. ही कॉलेजं कंपनीसारखं सामान बांधून निघत नाहीत. फक्त विद्यार्थ्यांचा खिसा लहान असतो, ते धरून चालायचं.

आज भाडं २८ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार. तीन विद्यार्थी ८-८ हजारांनी ठेवले आणि मे-जून रिकामे धरले तर २ लाख ४० हजार. ९६ हजारांची खोट बोचेल, पण झेपेल. आता भाच्याचा हिशेब बघा. सहा मुलांचे दहा महिन्यांत ४ लाख ८० हजार येतील. १० टक्के व्याज आणि पाच वर्षं मुदत धरली तर हप्ता महिना २१,२५० च्या आसपास, वर्षाला २ लाख ५५ हजार. उरले सव्वादोन लाख, आणि त्यातूनच वीज, वायफाय, झाडलोट. साध्या भाड्याइतकेही हातात पडत नाहीत. शिवाय वन बीएचकेत सहा मुलं सोसायटी चालवून घेईल असं मला वाटत नाही.

विकण्याबद्दल एवढंच सांगते, की बातमी ताजी असताना गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. पुढे कधी विकलात तर कर दोन्ही पद्धतींनी काढून घ्या. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवड आहे. ४२ लाखांच्या नफ्यावर १२.५ टक्क्यांनी सव्वापाच लाख होतात. महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्क्यांनी, २०२५-२६ चा आकडा धरला तर, पावणेदोन लाखांच्या आत. सिडकोचं हस्तांतरण शुल्क किती पडेल तेही सोसायटीत विचारून ठेवा.

खरी काळजी डब्यांची आहे. भाडं आणि डबे, दोन्ही मिळकती एकाच गेटमधून येत होत्या, आणि घर त्यावरच चालतंय. म्हणून जोर इथे लावा. कंपनीची माणसं अजून दोन-तीन महिने इथे आहेत, तेवढ्यात दवाखान्यांतल्या नर्सेस, कॉलेजचे कर्मचारी आणि एकटी राहणारी वयस्कर जोडपी गाठा. विद्यार्थी धराच, पण सुट्टीत त्यांचा डबा बंद पडतो, तेव्हा निम्मी गिऱ्हाइकं तरी बारमाही हवीत. सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत बाजूला पडेपर्यंत नवी एसआयपी सुरू करू नका.

नवा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी कराच, कायद्याने ती लागते. सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतला जाणारा आकार, मागत असेल तर भरू नका. प्रवेश सुरू होण्याआधी, जूनअखेर, फ्लॅट रंगवून तयार असू द्या. आणि त्याआधी २२ हजार देणारं एखादं कुटुंब आलं तर विद्यार्थ्यांची वाट न पाहता त्यांनाच द्या; बारा महिन्यांचे २ लाख ६४ हजार होतात.