आधी खुर्ची, मग तलाव

प्रश्न : आई ७६ वर्षांची. वर्षभरात विसरभोळेपणा वाढलाय. कुकर लावला का, गोळी घेतली का, तेच तेच विचारते. वजन पाचेक किलो उतरलं, बांगड्या कोपराकडे सरकतात. चाल मंदावलीय. व्यायाम हवा म्हणून मी तिला रोज संध्याकाळी कचराळी तलावावर नेतो, पण ती मध्येच थांबते आणि घरी आली की गळून पडते. व्यायामाने स्मरणशक्ती परत येईल का?
– एक मुलगा, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : मला आधी बांगड्यांची काळजी वाटते. न ठरवता घटलेलं वजन, थकवा, सैल पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल, हे फ्रेल्टीचे, म्हणजे उतारवयात शरीराची ताकद आणि तग खालावण्याचे, पाच निकष २००१ पासून वापरात आहेत. तीन जुळले तर फ्रेल्टी धरतात, आणि तुमच्या एवढ्याशा पत्रात तीन दिसतातच. ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. फिजिशियनकडे जा, बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर बघू दे. बी-१२ किंवा थायरॉइड कमी असलं तरी विसरायला होतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेच्या असतील तर त्याही.

स्मरणशक्तीचं स्पष्टच सांगते. इंग्लंडमध्ये डिमेन्शियाच्या रुग्णांकडून चार महिने बऱ्यापैकी दमाचा व्यायाम करून घेतला. २०१८ साली निष्कर्ष आले: शरीराची क्षमता सुधारली, बुद्धीची घसरण काही थांबली नाही. आईंना डिमेन्शिया आहे असं मी म्हणत नाहीये. पण संडासातून आपलं आपण उठता येणं आणि न पडणं, एवढ्यासाठीसुद्धा व्यायाम हवाच.

आणि तो पायांच्या ताकदीचा हवा, नुसतं चालून भागत नाही. हाताची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पावलं मागे ओढून, पुढे वाकून उठायचं. बसताना सावकाश, धपकन नाही. खरी मेहनत तिथेच आहे. हात न टेकता पाच उठबशांना १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पाय कमजोर समजा. सुरुवातीला हात टेकू द्या. मग ओट्याला धरून टाचा उचलायच्या, तुम्ही शेजारी उभे राहून. छातीत दुखलं, गरगरलं तर तिथेच थांबायचं.

‘आई, व्यायाम’ म्हटलंत की ‘झाला की माझा सकाळीच’ हेच ऐकायला मिळेल. वाद घालू नका. चारच्या चहाआधी समोर दुसरी खुर्ची मांडून तुम्हीच उठायला लागा. (घरोघरी मुलगा सोफ्यावरून सूचना सोडतो आणि आई एकटी घाम गाळते!)

चालणं बंद नको, फेऱ्या कमी करा. आई मध्येच थांबतात तेव्हा तुम्ही काही विचारलेलं असतं का, बघा. बोलायला ज्यांना थांबावं लागतं त्यांना पडण्याचा धोका जास्त, हे १९९७ पासून माहीत आहे. रस्ता ओलांडताना तरी ‘रात्री काय करायचं?’ नको.

शेवटी ताट. चहा-खारीवर स्नायू भरत नाहीत. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे डाळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, आणि तेही दोन्ही जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.