वाचकांचे प्रश्न : मजकूर छापील मिळत असताना पोथी कशाला?

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळची, बासनात बांधलेली एकनाथी भागवताची हस्तलिखित पोथी आहे. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी तिचा अभ्यास करावा, असे माझ्या मनात आहे. परंतु जो ग्रंथ बाजारात छापील मिळतो, त्याच्या जुन्या पानांत वेगळे काय सापडणार, असे घरचे विचारतात. त्यांना काय सांगावे?
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, पण तो ग्रंथ म्हणजे केवळ मजकूर, असे गृहीत धरून विचारलेला आहे. संत एकनाथांनी पैठणला आरंभ करून १५७३मध्ये काशीत पूर्ण केलेले भागवत एकच असले, तरी त्याची प्रत्येक पोथी निराळी असते. कारण ती कोणीतरी, कोणासाठी तरी, कोठेतरी बसून उतरवलेली असते. हा फरक स्वतः नाथांनाच पुरता ठाऊक होता. नकला होता होता ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ, म्हणजे चुकीचे शब्द व ओळी, पाहून त्यांनी १५८४मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. मराठीतील पाठचिकित्सेचा, म्हणजे प्रती ताडून शुद्ध मजकूर ठरवण्याच्या कामाचा, आरंभ तेथूनच मानला जातो आणि तो आपल्या गोदाकाठी झाला, हे मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांना निराळे सांगावे लागते, याचे मला नवल वाटते.

मराठवाड्यात ग्रंथाने घेतलेली रूपेही पाहण्यासारखी आहेत. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा ग्रंथ सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, लिहिला. तेथे कापडाला वगळून ग्रंथाचा विचारच करता येत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले, तेव्हा अक्षराचेच कुलूप झाले आणि पंथाबाहेरच्या वाचकांना ते ग्रंथ कित्येक शतके बंद राहिले. म्हाइंभटांनी लिहिलेल्या चक्रधरस्वामींच्या चरित्राची, ‘लीळाचरित्रा’ची, मूळ प्रत स्वारीच्या धामधुमीत हरवल्यावर अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. या ग्रंथाच्या निरनिराळ्या पाठांचे एक कारण त्यात आहे.

आता तुमच्या पोथीकडे वळू. आधी शेवटचे पान पाहा. पुष्पिकेत, म्हणजे लेखनिकाच्या समाप्तीच्या मजकुरात, शक, संवत्सर, तिथी, लेखनिकाचे नाव आणि गाव यांपैकी काही मिळाले, तर अर्धे काम झाले. इसवी सन काढण्यासाठी शकात सामान्यतः ७८ मिळवावेत. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल, तर बहुधा ७९. तेल, पाणी आणि मूर्खाचा हात यांपासून पोथी राखावी, अशी विनवणीही पुष्कळदा तेथेच आढळते. त्यानंतर समासातील दुरुस्त्या, हरताळ (पिवळा रंग) फासून खोडलेली अक्षरे, बदललेले हस्ताक्षर यांची नोंद करावी. हळदीकुंकवाचे डाग मात्र पुसू नयेत, कारण ही पोथी वाचली जात होती तशीच पूजलीही जात होती, याचा तो पुरावा आहे. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. उजेडात छायाचित्रे घेऊन पाने होती त्या क्रमाने पुन्हा बासनात ठेवावीत.

या सर्वांहून निकडीचे एक काम आहे. आजी किंवा घरातील कोणी वडीलधारे असतील, तर कोणता अध्याय कोणत्या दिवशी, कोणाच्या आवाजात आणि कोणासमोर वाचला जाई, हे त्यांना आजच विचारून लिहून घ्या. ते पोथीच्या कोणत्याही पानावर लिहिलेले नसते.