हजेरीत शंभर, कामाला बारा

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा कॉलेजच्या रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना) पथकाची विद्यार्थी प्रमुख झाले. यादीत शंभर नावं आहेत. गणपतीत फुटाळा तलावावर निर्माल्य गोळा करायला अकरा जण आले, दीक्षाभूमीला पाणी वाटायला चौदा. बाकीचे थेट फोटोला. आता सगळ्यांचे वर्षाचे सेवेचे १२० तास भरलेले दिसायला हवेत म्हणून तासांची नोंद ठेवायच्या डायऱ्यांचा गठ्ठा माझ्याकडे ‘जुळवायला’ आलाय. मैत्रीण म्हणते, रोटरॅक्टमध्ये (रोटरीच्या तरुणांच्या क्लबात) ये, तिथे ही कटकट नाही. सोडून देऊ का?
(एक स्वयंसेविका, नागपूर)

उत्तर : डायऱ्या जुळवू नकोस. हे आधी, बाकीचं मागून.

गठ्ठा परत घेऊन जा आणि सरांना सांग, ‘सर, जे आले त्यांचे तास मी भरलेत, उरलेल्यांसाठी हे दोन महिन्यांचं काम लिहून आणलंय.’ रिकाम्या हाताने नकार देशील तर ते चिडतील, काम घेऊन जाशील तर ऐकतील. सरांची बाजूही जरा बघ. कार्यक्रम अधिकारी, म्हणजे पथक सांभाळणारा प्राध्यापक, हा कुणी वेगळा माणूस नसतो. सकाळी तास घ्यायचे, दुपारी पेपर तपासायचे आणि उरलेल्या वेळात शंभर पोरांचा हिशेब ठेवायचा. दोन खेपांना मिळून सात वर्षं मी तेच केलंय आणि एका मार्चमध्ये डायऱ्या जुळवल्याही आहेत. म्हणून अधिकाराने सांगते.

वर्षाचे १२० तास म्हणजे आठवड्याला अडीचसुद्धा पडत नाहीत. दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर, एवढंच मागणं. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली तेव्हा स्वयंसेवक होते चाळीस हजार. तुझ्या बिल्ल्यावरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास सेवेला तयार. आपले पोट्टे नेमके फोटोच्या प्रहरी तयार असतात, त्याला कोणार्कवाले काय करणार!

आता कामाला न येणारे ते ८८ जण. ते आळशी आहेत असं तू धरून चालली आहेस. मीही चालले होते.

माझं पहिलं शिबिर कुही तालुक्यातल्या एका गावात होतं. कॉलेजातच ठरवलं होतं, वनराई बंधारा बांधायचा, म्हणजे मातीने भरलेल्या पिशव्या रचून नाल्याचं पाणी अडवायचं. जानेवारीचा पहिला आठवडा. चारशे रिकाम्या सिमेंटच्या पिशव्या, फावडी, घमेली, बॅनर सगळं घेऊन नाल्यावर गेलो. एक म्हातारेबुवा बैलं घेऊन चालले होते. थांबले, बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, नाल्यात पानी हाये कुठं? आता काय हवा अडवता?” पोरांसमोर तोंड लपवायला जागा उरली नाही. हा बांध पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नाला वाहता असताना घालायचा असतो. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं, पण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. तरी त्या दिवशी आम्ही बांध घातला आणि फोटो काढला. अहवालात तो फार छान दिसला.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी त्याच गावी गेलो. बुवांनी जागा दाखवली. नाला अरुंद, दोन्ही काठ उंच. पिशव्या भरणं सोपं असतं, तोंडं शिवणं नाही. सुतळी निसटते, बोटांना फोड येतात. तासाभरात आमच्या तीस पिशव्याही झाल्या नव्हत्या. वर्षभर एकदाही न फिरकलेला एक मुलगा केवळ गाडीत जागा उरली म्हणून आला होता. त्याने खिशातून दाभण काढलं. त्याचे वडील कळमन्याच्या धान्य बाजारात पोती शिवायचे आणि सुट्टीत हाही तिथेच असायचा. चार टाके, एक गाठ, पुढची पिशवी! विटांसारखे सांधे चुकवत थर लावायचे हेही त्यानेच दाखवलं. संध्याकाळी पाणी गुडघ्याला लागलं. मी विचारलं, “इतके दिवस का नाही आलास रे?” म्हणे, “मॅडम, मला कोणी बोलावलंच नाही. ग्रुपवर मेसेज यायचा.”

तर तू ग्रुपवर मेसेज टाकणं बंद कर. रोज पाच जणांना गाठ आणि विचार, तुला काय येतं? कुणाला वायरिंग येतं, कुणी रोज उमरेडहून एसटीने येतो म्हणून रविवारी त्याला जमत नाही पण बुधवारी दुपारी जमतं, कुणी घरची खानावळ सांभाळते. आणि काम लहान ठरव, मागितलेलं ठरव. शोषखड्डा घे, सांडपाणी जमिनीत जिरवणारा. चार फूट खोल, तळाला मोठे दगड, वर लहान, मधे भोकं पाडलेला माठ. आठ जण एका दिवसात करतात आणि त्या घरापुढचं सांडपाणी थांबतं. शंभर जणांना एकाच मैदानात झाडू देऊन उभं केलंस तर नव्वद जण उगीच उभे राहणार, त्यांचा दोष नाही.

रोटरॅक्ट चांगलंच आहे. अठरा पूर्ण झालेली पोरं आपला अध्यक्ष, सचिव, खजिनदार स्वतः निवडतात, वर्गणी काढतात, सभेचं इतिवृत्त लिहितात. हिशेब ठेवायला आणि पाहुण्याचं भाषण वेळेत आवरायला तिथे शिकशील. पाठीशी रोटरी क्लब असतो, ओळखी होतात. जायचं तर जा, दोन्हीही करता येतं. पण कामाला बाराच येतात ही तक्रार तिथल्या अध्यक्षांकडूनही मी ऐकलेली आहे.

प्रश्न : मुलीचं सात दिवसांचं शिबिर डिसेंबरात खेड्यात आहे. झोपायला जिल्हा परिषदेची शाळा. घरचे नको म्हणतात. पाठवू का?
(एक आई, मानेवाडा)

उत्तर : ताई, पाठवा, पण आधी कॉलेजात स्वतः जाऊन या. बाई प्राध्यापक रात्री मुक्कामाला राहणार का, की संध्याकाळी गाडीने नागपूरला परतणार? हा प्रश्न पहिला. मुली झोपतात त्या खोलीची कडी आतून लागते का, संडासात पाणी आहे का, जवळचं आरोग्य केंद्र किती लांब, हे त्यांना सांगता आलं पाहिजे. ‘सगळी व्यवस्था आहे’ एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा, लाजू नका. नीट शिबिर घेणारे शिक्षक अशा प्रश्नांना वैतागत नाहीत. चटई आणि जाड दुलई द्या, शाळेची फरशी पहाटे बर्फासारखी असते. एका पथकातून साधारण निम्म्यांनाच शिबिराला नेतात, तेव्हा तिचं नाव लागलंय तर ती जागा वाया घालवू नका. पहिल्या रात्री ती फोनवर रडेल. लगेच गाडी काढून न्यायला जाऊ नका.

प्रश्न : रक्तदान शिबिर मीच भरवते आणि दरवेळी हिमोग्लोबिन कमी म्हणून मलाच परत पाठवतात. सगळे हसतात.
(गटप्रमुख, हिंगणा रोड)

उत्तर : हसू दे. १२.५च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत आणि तेच बरोबर आहे. आमच्या शिबिरात एकदा रांगेतल्या निम्म्याहून जास्त मुली परत गेल्या, तेव्हा मला कळलं की ह्या मुली सकाळी चहा-बिस्किटावर कॉलेजला येतात. डॉक्टरांना दाखव आणि सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणीही करून घे. आपल्या विदर्भात तो आजार बराच आहे, त्यातल्या काही रुग्णांना पुन्हापुन्हा रक्त लागतं. पुढच्या शिबिरात नोंदणीच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल लाव, परत पाठवलेल्या मुलींची नावं आणि आकडे लिहायला. त्यांचे आणि तुझे आकडे तीन महिन्यांनी पुन्हा घे. मला कळव किती झाले.