पान लोड झाल्यावर स्क्रिप्ट सगळ्या ब्राउझरमध्ये हमखास कशी चालवायची?

तुमच्या स्क्रिप्ट टॅगवर असिंक आहे आणि आतला सगळा कोड डॉम-कंटेंट-लोडेडच्या (एचटीएमएल वाचून झालं की ब्राउझर देतो त्या इव्हेंटच्या, म्हणजे सूचनेच्या) लिसनरमध्ये, म्हणजे ती सूचना आली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये आहे. क्रोममध्ये तो बहुतेक वेळा चालतो, सफारीत कधी चालतो कधी नाही, कन्सोलमध्ये एरर दिसत नाही. विंडो.ऑनलोड (पानातलं सगळं उतरल्यावर येणारा लोड इव्हेंट) लावलं की चालतो, पण उशिरा. तुम्ही सांगितलेल्या या लक्षणांवरूनच दुखणं कळतं, आणि ते सफारीचं नाही.

असिंक स्क्रिप्ट फाइल येऊन पोचेल तेव्हा चालते. तोवर एचटीएमएल वाचून झालं असेल तर डॉम-कंटेंट-लोडेड होऊन गेलेलं असतं, आणि होऊन गेलेला इव्हेंट तुमच्यासाठी परत येत नाही. लिसनर लागतो, त्याला कुणी हाक मारत नाही, म्हणून एररही नाही. शर्यत कोण जिंकेल ते नेटवर्क आणि कॅशवर ठरतं. लोड इव्हेंट मात्र असिंक स्क्रिप्टसाठीही थांबतो, म्हणून ऑनलोड चुकत नाही.

पण सरसकट ऑनलोड लावू नका, हे मी पोळल्यामुळे सांगतोय. एका पतसंस्थेच्या अर्जात जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी भरायची होती. मी ते ऑनलोडमध्ये टाकलं. ऑफिसात झकास चाललं. मग गावाकडून फोन आला, ‘सातारा निवडलं, तालुका रिकामाच आहे.’ वर अध्यक्षांच्या सत्काराचा चार एमबीचा फोटो होता आणि तो उतरेपर्यंत माझी स्क्रिप्ट सुरूच होत नव्हती. लोड इव्हेंट चित्रं, स्टाइलशीट, आयफ्रेम अशा सगळ्यांसाठी थांबतो. यादी भरायला त्या फोटोची काय गरज? चित्राची रुंदी-उंची मोजायची असेल तरच लोड वापरा, आणि तेव्हाही शक्यतो त्या चित्राचाच.

तुमच्यासाठी सरळ उपाय म्हणजे असिंक काढून डिफर लिहा. डिफरची फाइल समांतर उतरते, एचटीएमएल वाचून झाल्यावर चालते, अशा फाइली एकाहून जास्त असतील तर टॅगच्या क्रमानेच चालतात, आणि डॉम-कंटेंट-लोडेड त्यांच्यानंतर येतं. त्यामुळे लिसनरचीही गरज उरत नाही. फक्त टॅगमध्ये एसआरसी, म्हणजे फाइलचा पत्ता हवा, पानातच लिहिलेल्या साध्या कोडवर डिफरचा परिणाम होत नाही. टॅगवर टाइप मॉड्यूल लिहिलेलं असेल तर हे वागणं आपोआप मिळतं.

टॅग तुमच्या हातात नसेल, दुसरंच कुणी तुमची फाइल मागून पानात घालत असेल, तर पान कुठवर तयार झालंय ते सांगणारं डॉक्युमेंट.रेडीस्टेट आधी तपासा. ‘लोडिंग’ असेल तर लिसनर लावा, नाहीतर फंक्शन तिथेच थेट बोलवा. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी पानात आधीपासून असेल तर तिचं रेडी उशिरा आलेल्या कोडलाही सांभाळून घेतं, पण एवढ्यासाठी जेक्वेरी आणू नका.

शोधताना तुम्हाला अटॅच-इव्हेंट आणि डू-स्क्रोलची जुनी उत्तरं सापडतील. इंटरनेट एक्सप्लोरर ८ पर्यंत डॉम-कंटेंट-लोडेडच नव्हतं, म्हणून तो खटाटोप होता. २०११ साली आलेल्या नवव्या आवृत्तीत ते आलं. आता तो कोड बिनधास्त सोडून द्या.

सफारीत एक गोष्ट मात्र खरंच तपासा, आज ती क्रोम-फायरफॉक्समध्येही आहे. अर्ज पाठवताना तुम्ही बटण बंद करून ‘पाठवत आहे…’ लिहीत असाल, तर ब्राउझरच्या बॅक बटणाने मागे आल्यावर पान गोठवलेल्या अवस्थेतून जसंच्या तसं परत येऊ शकतं. डॉम-कंटेंट-लोडेडही होत नाही, लोडही नाही, आणि बटण बंदच राहतं. त्यासाठी पान असं परत आलं तरी होणारा पेजशो इव्हेंट ऐका, त्यातलं पर्सिस्टेड खरं असेल, म्हणजे पान गोठवलेलंच परत आलं असेल, तर बटण पुन्हा सुरू करा.