‘पुढच्या वेळी पडलो तर?’

मी समुपदेशन करते. राजकारणातल्या घरांमधून माझ्याकडे येणारी चिंता बहुतेक वेळा एकच असते: पुढची निवडणूक हरले तर हे सहन करतील का? विचारायला स्वतः उमेदवार क्वचितच येतो. बायको येते, मुलगी येते, कधी धाकटा भाऊ येतो. उमेदवाराला वेळ नसतो आणि त्याच्या मते त्याला काही झालेलंही नसतं.

त्यांना भाऊ म्हणू या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेत दोनदा निवडून आलेले नगरसेवक. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे त्यांच्या संमतीनेच लिहिते आहे. २०१६ च्या अखेरीस ते दुसऱ्यांदा निवडून आले. पाच वर्षांनी मुदत संपली आणि मग निवडणूकच होईना. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात, प्रभागरचनेचे घोळ, नगरपरिषदेवर प्रशासक. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितलं, तोवर तीन वर्षांहून जास्त काळ गेला होता. गटार तुंबलं की लोक फोन भाऊंनाच करत होते, पण त्यांच्या हातात ना निधी होता ना सभागृह. पद नसताना पदाची सगळी ओझी वाहणं ही अवस्था माणसाला फार थकवते. त्या काळात राज्यभरातल्या हजारो माजी सदस्यांची हीच गत होती, याची पुरेशी दखल कुणी घेतली नाही असं मला वाटतं.

मुलगी सांगत होती, बाबा रात्री दोनला उठून मतदार यादी घेऊन बसतात. सकाळी दारात किती चपला आहेत ते बघतात. कमी दिसल्या तर दिवसभर घरात कुणाशी धड बोलत नाहीत. एखादा कार्यकर्ता लग्नात समोरच्या गटातल्या माणसाशी हसून बोलला, की ‘तो गेला तिकडे’. आईला विचारल्याशिवाय गावाबाहेरचा प्लॉट विकायचं चाललं आहे. साखर वाढली आहे, गोळ्या वेळेवर घेत नाहीत.

भाऊ आले ते लेकीच्या समाधानासाठी. ‘मॅडम, मला झोपेची गोळी द्या, बाकी काही नको,’ म्हणाले. गोळ्या मी देत नाही, त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जावं लागेल, हे सांगितल्यावर उठायच्याच बेतात होते. मी विचारलं, ‘निकाल लागला आणि तुम्ही पडलात असं धरा. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तुम्ही काय करत असाल?’

‘असं अभद्र बोलू नका,’ ते म्हणाले. आवाज चढला होता.

राजकारणी घरात ‘पडणं’ हा शब्द उच्चारायचीच चोरी असते. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत ‘आपणच येणार’ एवढंच बोलायचं. बायकोने शंका काढली तर ती अपशकुनी, कार्यकर्त्याने काढली तर तो फुटलेला. मग ज्याला सगळ्यात जास्त भीती वाटते आहे, त्याला ती सांगायला एकही माणूस उरत नाही. घरचे लोक प्रेमापोटी ‘चांगला विचार करा, तुम्हीच येणार’ म्हणत राहतात आणि तो आणखी एकटा पडतो. हा सल्ला मी कुणालाही देत नाही.

भाऊ गेले नाहीत. बराच वेळ गप्प बसले आणि मग बोलले. पद जाण्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. त्यांना दिसत होती ती मिरवणूक. ‘मुद्दाम माझ्या दारावरून काढतील. दारात थांबवतील. डीजे वाढवतील, गुलाल अंगणात टाकतील. आई खिडकीत बसलेली असते.’ मिरवणूक अजून निघायची होती, पण त्यांच्या डोक्यात ती रोज रात्री दोनला निघत होती.

भीतीला असा पत्ता सापडला की काम करता येतं. ‘हरलो तर सगळं संपलं’ यावर काहीच करता येत नाही. ‘मिरवणूक दारावरून जाईल’ यावर करता येतं. पुढच्या भेटीला वहिनींनाही बोलावलं. निकालाच्या दिवशी आई कुठे असेल, दारात कोण थांबेल, पोरांनी काही भडक बोलायचं नाही हे त्यांना कोण सांगेल, यावर ते दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. आईंना दोन दिवस आत्याकडे न्यायचं ठरलं. हरण्याबद्दल घरात एवढं स्वच्छ बोलणं झालं आणि आभाळ कोसळलं नाही, याचंच भाऊंना नवल वाटलं.

पैशांची गोष्ट जास्त अवघड होती. भीती वाढली की उमेदवार खर्च वाढवतो. शेवटच्या आठवड्यात तर आकड्यांना अर्थच राहत नाही. राज्य निवडणूक आयोगाने घातलेली खर्चमर्यादा असतेच. ती पाळायचीच आहे, पण घराची मर्यादाही लिहून ठेवा, असं मी सांगितलं. किती पैसे गेले तर पोरीचं शिक्षण आणि राहतं घर सुरक्षित राहील? तो आकडा वहिनींनी सांगितला. भाऊंनी घासाघीस केली. प्लॉट विकायचा नाही, एवढ्यावर मिटलं.

मग मी विचारलं, तुम्हाला खरं कोण सांगतं? भाऊंभोवती पाच-सहा जण कायम असत आणि ते सगळे ‘वातावरण आपलंच आहे’ म्हणत. आठवून आठवून त्यांनी बचत गट चालवणाऱ्या एका मावशींचं नाव घेतलं. आमच्या गल्लीत पाणी नीट येत नाही, लोक नाराज आहेत, असं मावशींनी तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर त्यांना बैठकीचा निरोप जाणंच बंद झालं होतं.

हे फक्त भाऊंचं नाही. मोठमोठे पक्षही भीतीपोटी किंवा खात्रीपोटी वाईट बातमीची वाट बंद करतात. आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती, विरोधी नेते तुरुंगात होते; १९७७ मध्ये निवडणूक झाली तेव्हा रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून हरल्या. २००४ मध्ये ‘इंडिया शायनिंग’च्या भरात वाजपेयी सरकारने निवडणूक काही महिने आधी घेतली आणि सत्ता गेली. नाराजी गल्लीत आधीपासून असतेच, ऐकायची सोय आपण मोडलेली असते. भाऊ मावशींकडे गेले. तासभर बोलणी खाल्ली. ‘बरं वाटलं,’ असं म्हणाले, आणि ते खरंच बोलत होते. अंदाज बांधत राहण्यापेक्षा कळलेलं बरं असतं.

मी सांगितलं की हरलेले नेते पुढे उभे राहिले आहेत, तेव्हा त्यांनी हात झटकला. बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात पराभूत झाले होते. वाजपेयी १९८४ मध्ये ग्वाल्हेरला हरले, त्या वर्षी त्यांच्या पक्षाला लोकसभेत दोन जागा मिळाल्या. भाऊंचं म्हणणं, ही मोठी माणसं, आमचं वेगळं. बरोबरच होतं त्यांचं. पण गणपतराव देशमुखांचं नाव निघालं तेव्हा ते सावरून बसले. सांगोल्यातून ११ वेळा आमदार झालेला हा माणूस १९७२ आणि १९९५ मध्ये पडला होता, हे भाऊंच्या लक्षातच नव्हतं. ‘पडल्यावर ते काय करत होते?’ त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तुमच्याकडची माणसं त्यांना ओळखायची. ‘लोकांत जात होते. दुसरं काय करणार?’

इथे मी थांबले नाही. लोकांत जाण्यासाठी पद लागतं का, तुमची कोणती कामं पदाशिवाय चालतील, हे कागदावर काढायला लावलं. दवाखान्यात कुणाला तरी घेऊन जाणं, निराधार योजनेचे अर्ज भरून देणं, तालमीच्या पोरांचं बघणं. यादी त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा लांब निघाली.

आरक्षणाच्या सोडतीत प्रभाग खुला राहिला, तिकीट मिळालं. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मतमोजणी होणार होती, पण काही ठिकाणचं मतदान पुढे गेल्यामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशाने सगळ्यांची मोजणी २१ डिसेंबरवर गेली. हे दिवस सगळ्यात कठीण गेले. प्रचार संपलेला, हाताला काम नाही, आणि प्रत्येक जण बूथवार बेरजा घेऊन दारात. बेरजा ऐकायच्या नाहीत, सकाळी तालुक्याच्या गावी जाऊन तपासण्या करून घ्यायच्या, रात्री दहानंतर फोन वहिनींकडे द्यायचा, एवढंच आम्ही ठरवलं. निम्मं पाळलं गेलं.

भाऊ पडले. मिरवणूक दारावरून गेली, थांबलीही. आई आत्याकडे होत्या. त्यानंतरचे दोन आठवडे वाईट होते. ते घराबाहेर पडेनात, दाढी करेनात, आणि मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. झोपेसाठी थोडे दिवस औषध लागलं. त्यात कमीपणा काहीच नाही. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो, हरलेल्यालाही, नाहीतर पुढे अपात्रतेची कारवाई होऊ शकते. एरवी हे काम कुणातरी पोरावर टाकलं जातं. मी मुद्दाम त्यांनाच करायला सांगितलं. मंडपवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या पावत्या घेऊन मुलीबरोबर बसले तेव्हा ते निकालानंतर पहिल्यांदा निवडणुकीबद्दल शांतपणे बोलले. प्लॉट शाबूत होता, हे त्या हिशेबात त्यांना दिसलं.

ज्यांच्या घरात आज हीच भीती आहे, त्यांनी काही गोष्टींवर लक्ष ठेवावं. दारू अचानक वाढली, माणूस निरवानिरवीची भाषा करू लागला, ‘मी नसतो तर बरं’ असं एकदा जरी म्हणाला, तर निकालाची वाट बघू नका. त्याला सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. ‘सहन करतील का’ या मुलीच्या प्रश्नाला माझं उत्तर होतं: एकट्याने केलं तर कठीण, तुम्ही सगळे आधीपासून त्याबद्दल बोललात तर बहुतेक करतील.

भाऊ आता महिन्यातून एकदा येतात. पाण्याच्या तक्रारीचा अर्ज त्यांनी मावशींबरोबर जाऊन दिला. पुढच्या वेळी लढायचं की नाही, यावर घरात दोन मतं आहेत; वहिनींना ते माझ्यासमोर बोलायचं आहे, म्हणून पुढच्या भेटीला त्याही येणार आहेत.