‘मी फक्त सोबत आले होते’

ताई,
पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला ११ वर्षं होतील. गेल्या वर्षी दहावं म्हणून मी बायकोला न सांगता तीन दिवसांची ट्रिप ठरवली आणि आदल्या रात्री तिकिटं तिच्या हातात ठेवली. ती खूश होईल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, “उद्या?” तीन दिवसांत सात ठिकाणं पाहिली, फोटो छान आले. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्ता चुकला, त्यावरून जोरदार वाजलं, आणि परतीच्या पाच तासांत आम्ही एकमेकांशी अक्षरही बोललो नाही. घरी बॅग रिकामी करताना ती म्हणाली, “ट्रिप तुझी होती, मी फक्त सोबत आले होते.” ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. यंदा चूक करायची नाही. जोडप्यांसाठी चांगल्या, रोमँटिक ठिकाणांची यादी द्याल का? मुलगी सात वर्षांची आहे, तिला आजीकडे ठेवावं लागेल, म्हणून दोन रात्रींच्या वर नको.
– एक नवरा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. यादी तुमच्याकडे गेल्या वर्षीही होती की! चांगली सात ठिकाणांची. ठिकाणं कमी पडली म्हणून ती ट्रिप बिघडली नाही. मला तर सगळा घोळ त्या एका शब्दात दिसतो, “उद्या?”

तिकिटं हातात पडल्यावर त्या रात्री तिच्या डोक्यात काय काय आलं असेल ते बघा. रजा कशी मागायची? मुलीची बॅग, शाळेचा डबा-दप्तर, रात्री लागलं तर औषध. आजीला इतक्या उशिरा फोन करायचा तर कोणत्या तोंडाने? इस्त्रीला टाकलेले कपडे. हे सगळं झाल्यावर मग स्वतःची बॅग. तुम्ही महिनाभर मनातल्या मनात तयारी केलीत, तिने सगळी निरवानिरव एका रात्रीत केली, आणि वर चेहरा हसरा ठेवायचा होता. तुमचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण महिनाभर वाट बघण्याचं सुख तुम्ही एकट्यानेच घेतलंत.

आणि ते सुख किरकोळ नसतं. नेदरलँड्समधल्या दीड हजारावर लोकांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसं घरी राहणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदात होती ती मुख्यतः निघायच्या आधी. परत आल्यावर बहुतेकांच्यात काही फरक उरला नाही. सुट्टी अगदी निवांत गेली असं सांगणारेच नंतर काही दिवस तरी जरा खुशीत राहिले. यात तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. तारीख आजच सांगा. आणि सातची दोन ठिकाणं करा. खरं तर एकच पुरे. सरप्राइजची फारच हौस असेल तर एखादी लहानशी गोष्ट गुपित ठेवा, जिच्यासाठी तिला काहीही तयारी करावी लागणार नाही.

आता रस्ता चुकण्याचं. पत्रात तुम्ही ते फार मनाला लावून घेतलेलं दिसतं. मला वाटतं, निम्मं भांडण झोपेचं होतं. नव्या जागी पहिल्या रात्री आपल्याला नीट झोप लागत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की परक्या जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, जणू पहाऱ्याला बसतो. म्हणून पहिल्या रात्रीवर कसलाच बोजा टाकू नका. (हो, तुम्ही मनात म्हणालात त्याही अपेक्षेचा नको.) दोन्ही रात्री एकाच ठिकाणी मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी गजर लावू नका. आदल्या वर्षी दुसऱ्या रात्री खोली बदलली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सात ठिकाणं म्हटल्यावर मी तसं धरून चालले आहे.

मग दिवसभर करायचं काय? इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण रोमँटिक म्हटलं की लोक बघायच्या जागा शोधतात आणि बघून झाल्यावर दोघं आपापल्या फोनमध्ये शिरतात. आर्थर एरन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांवर बरेच प्रयोग केले. १९९३ च्या एका अभ्यासात ५३ जोडपी होती. काहींनी दहा आठवडे, आठवड्यातून दीड तास, छान वाटणाऱ्या गोष्टी केल्या, तर काहींनी अंगात जरा उत्साह संचारेल अशा. नातं जास्त सुधारल्यासारखं वाटलं ते दुसऱ्या गटाला. पुढे २००० साली तर त्यांनी नवरा-बायकोचे एका बाजूचे मनगट आणि घोटे एकमेकांना बांधले आणि हातापायांवर रांगत, मध्ये उशी धरून, जाजमावरून अडथळ्यापलीकडे जायला लावलं. उशीला हात लावायचा नाही! सात मिनिटांचा खेळ. त्यानंतर ती जोडपी एकमेकांबद्दल अधिक आपुलकीने बोलली. तुम्ही कुणाचे हात बांधू नका. पण दोघांनाही न येणारी गोष्ट एकत्र करणं, यात जी गंमत आहे ती सूर्यास्ताच्या पॉइंटवर रांगेत उभं राहण्यात नाही.

माझा स्वतःचा अनुभव वल्ह्याच्या होडीचा आहे. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. तळ्यावर आम्ही दोघांनी एकेक वल्हं हातात घेतलं. ह्यांचा हात दमदार, माझा नाजूक, त्यामुळे होडी वीस मिनिटं एका जागी गोल गोल फिरत होती आणि काठावरची पोरं टाळ्या पिटत होती. शेवटी दोन्ही वल्ही ह्यांच्याकडे दिली आणि मी समोर बसले. तेव्हा लक्षात आलं, वल्हवणाऱ्याची पाठ असते पुढे. होडी कुठे चाललीय ते त्याला दिसतच नाही, समोर बसलेल्यालाच दिसतं. मग मी “डावीकडे, अजून डावीकडे, आता थांबा, अहो थांबा” करत राहिले आणि ते जन्मात पहिल्यांदा निमूटपणे ऐकत होते. त्या दिवसाचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

तुम्हाला पाण्याची भीती असेल तर मातीचं भांडं करायला बसा, नाचाचा पहिला धडा घ्या, नाहीतर माहिती नसलेल्या गाडीत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत जा आणि त्याच गाडीने परत या. आपल्याच गावातल्या हॉटेलात एक रात्र राहणं हासुद्धा चांगला प्रकार आहे, मुलगी हाकेच्या अंतरावर राहते आणि प्रवासाचा शीण नाही. पौर्णिमा जवळ असेल तर उघड्या जागी पूर्वेकडे तोंड करून बसा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो, पुढच्या रात्रींना साधारण पाऊण-एक तास उशिराने, तेव्हा तिथी चुकली तर थांबावं लागेल. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. त्या रात्री दिव्यांपासून लांब जाऊन आडवं व्हायचं आणि फोन बंद. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनचा पडदा एकदा उजळला की सगळं पहिल्यापासून. दोघांनी वीस मिनिटं अंधारात नुसतं पडून राहायचं, याला निमित्त म्हणून उल्का पुष्कळ झाल्या. नाही दिसल्या तरी चालतं.

आणखी एक. रोज दीड-दोन तास एकमेकांना मोकळे सोडा. तिला नुसतं झोपायचं असेल, तुम्हाला एकट्याने भटकायचं असेल. ट्रिपला येऊन वेगळं कशाला, असं वाटेल. पण घरात तिला असे दोन तास कधी मिळतात, हे तुम्हीच आठवून बघा. संध्याकाळी भेटल्यावर बोलायला विषयही असतो.

परतीचा प्रवास मात्र मोकळा ठेवा. डॅनियल काह्नमन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात मिनिटभर हात धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच एक मिनिट, आणि वर अर्धा मिनिट, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. पुन्हा कोणती खेप करायची असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली निवडली! शेवट थोडा सुसह्य होता, एवढ्यावर. तुमच्या तीन दिवसांची आठवण त्या पाच तासांच्या मौनाने गिळली, ती अशी. म्हणून शेवटच्या दिवशी काहीही “बघून जाऊ” नका. अर्धा दिवस रिकामा ठेवून निघा, आणि वाटेत रस्ता चुकलाच तर नकाशा तिच्या हातात द्या.

आता तिला विचारायचं कसं? “तूच सांग, कुठे जायचं?” असं तर मुळीच नको. तो मोठेपणा वाटतो, पण शोधणं, ठरवणं, बुकिंग करणं, सगळं परत तिच्याच गळ्यात पडतं. दोन ठिकाणं आणि दोन तारखा तुम्ही शोधा, आणि दोन्ही मोडीत काढायचा हक्क तिला द्या. पण त्याच्याही आधी, आज मुलगी झोपल्यावर, एकच विचारा: गेल्या वर्षीच्या त्या तीन दिवसांत तुला बरा गेलेला अर्धा तास कोणता? उत्तर येईल ते ऐका, मध्ये बोलू नका. ती कदाचित तुमच्या सात ठिकाणांपैकी एकही सांगणार नाही. कुठल्याशा पायरीवर बसलो होतो, किंवा गाडीत पाऊस ऐकत होतो, असं काहीतरी निघेल. ट्रिप त्या अर्ध्या तासाभोवती बांधा. आणि एकही अर्धा तास तिला आठवला नाही, तर बुकिंग राहू द्या, ती का गप्प आहे हे आधी ऐका.

तोवर एक काम उरकून घ्या. आजीला फोन तुम्ही करा.

तुमची,
ताई